भिंत कुणी लिंपली?

एका डोंगरावरच्या जंगलात एक वानर राहत असे. मुलांनो, त्याला न्यायनिवाड्याची भारी हौस! कोण चांगले वागले, कोण वाईट, हे तो फांदीवर बसल्या बसल्या ठरवून टाकी; कुणी विचारलेले नसले तरीही.

त्याच्या शेजारच्या झाडात एक ढोली होती. धनेश पक्ष्याने आपल्या मोठ्या, बाकदार चोचीतून चिखल आणला, मादी ढोलीत शिरली आणि बघता बघता ढोलीचे तोंड बुजले. चोच बाहेर येईल एवढीच फट उरली. आठवडे गेले तरी मादी बाहेर येईना. वानराचे डोके फिरले. "बायकोला भिंतीत कोंडतोस? दुष्टा!" तो धनेशावर ओरडला. धनेशाच्या चोचीत उंबर होते, तो बोलणार कसा? फटीतून फळ आत देऊन तो पुन्हा उडून गेला.

बुंध्याशी पडलेली घोरपड हळूच म्हणाली, "वानरदादा, तुमच्यासारखा न्यायी या रानात दुसरा नाही. फोडा ती भिंत. पुण्य लागेल!" वानराची छाती फुगली. त्याने भिंतीचा मोठा ढलपा उपटला, तोच आतून चोच खाडकन त्याच्या बोटावर बसली.

"मेल्या, कुणाला विचारून हे चालवलंयस?"

"तुला सोडवतोय, ताई!"

"मी म्हटलं होतं सोडव म्हणून? ही भिंत मीच आतून लिंपलीय. माझी पिसं झडलीत, उडता येत नाही, पोटाखाली दोन अंडी आहेत. आणि जरा खाली बघ, तुझी वाहवा करणारी कुठवर आलीय!"

घोरपड अर्धे झाड चढून आली होती. वानराला स्वतःची फार लाज वाटली. फांदी मोडून त्याने घोरपडीला हुसकले. मग खाली मान घालून त्याने विचारले, "ताई, आता काय करू?"

"चिखल आण," ती म्हणाली.

ओढ्यावर त्याच्या दहा खेपा झाल्या. तो ओंजळ पुढे धरी आणि ती आतून लिंपून घेई. धनेश परतला तेव्हा वानर कोपरापर्यंत चिखलाने माखला होता.

"हे काम तुला कुणी सांगितलं?" धनेशाने दचकून विचारले.

"तिनं," वानर म्हणाला. "या वेळी मी विचारलं."

तात्पर्य : एखादे कृत्य चांगले की वाईट हे लांबून ठरवू नये, ते ज्याच्या वाट्याला येते त्याला आधी विचारावे, आणि आपल्या पुण्याने कुणाचे पोट भरणार आहे तेही पाहावे.