चाकामागे मांडलेले स्टूल

घाट जिथे संपतो आणि सपाटी सुरू होते, तिथल्या एका गावात एक वृद्ध मोटार मेस्त्री राहत असत. ब्रेक हा त्यांचा खास विषय. घाट उतरताना कोणाच्या चाकातून जळका वास आला, की माणसे सांगत, खाली मेस्त्रींना दाखवा आणि मगच पुढे जा. त्यांनी हात लावलेली गाडी घेऊन मनुष्य निर्धास्तपणे घाट चढे आणि तितक्याच निर्धास्तपणे उतरे.

त्यांचा विश्राम नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हटले म्हणून कोवळे पोर डोळ्यांसमोर आणू नका. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, कामात चोख असा तो गृहस्थ होता. मेस्त्रींची नजर अधू होत चालली होती आणि गॅरेज विश्रामच्या हवाली करून मुलीकडे राहायला जायचे, असे त्यांनी ठरवले होते. अट एकच घातली होती. लोक विश्रामच्या हातावर विश्वास ठेवून गाडी नेऊ लागले, की ते निघणार. अट ऐकायला सोपी होती. पण गाव पडले चौकस. विश्रामने नीट केलेली गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक हमखास विचारी, मेस्त्रींनी बघितले आहे ना? विश्राम वरवर हसून हो म्हणे. ते त्याला फार लागत असे.

अशातच खातू शेटांच्या गाडीचे दुखणे उद्भवले. शेट आमसुले आणि काजूचे व्यापारी, गावातली वजनदार असामी. त्यांची गाडी सकाळी जागची हलेना. इंजिन कण्हे, गाडी मागून खाली बसे, आणि मग मागच्या चाकांतून खाडकन आवाज होऊन ती सुटे. रस्त्याला लागल्यावरही चाके इतकी तापत, की हात लाववत नसे. मागचे ब्रेक धरून बसतात, हे विश्रामने तेव्हाच ओळखले.

त्याने दोन्ही चाकांचे ड्रम उघडले. आत साठलेली काळी भुकटी झटकली, गंज घासून काढला, झिजलेल्या ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. पट्ट्यांना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा सैल पडल्या होत्या, त्याही नव्या घातल्या. हँडब्रेकची केबल ग्रीस लावून मोकळी केली. सगळे जुळवल्यावर चाक एका बोटाने फिरू लागले. काम मनासारखे झाले, म्हणून त्याने शेटांना निरोप धाडला.

शेट आले, गाडीत बसले, त्यांनी हँडब्रेक ओढून पाहिला आणि तोंड वाकडे केले. हा ढिला लागतो, म्हणाले. ढिला नव्हता, जितका हवा तितकाच होता. विश्रामला ते पक्के ठाऊक होते. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? त्याने गाडीखाली शिरून केबलचा नट थोडा पिळला. शेट खूश होऊन गेले, आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दारात आली. पुन्हा उघडणे, पुन्हा घासणे, पुन्हा शेटांचे ते तोंड वाकडे करणे आणि पुन्हा नट पिळणे. गाडी तिसऱ्यांदा आली, तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी मोठ्याने म्हणाले, मेस्त्रींचा हात तो मेस्त्रींचाच. त्या दिवशी विश्राम अर्ध्या जेवणावरून उठला. गॅरेज काही आपल्या नशिबात नाही, असे त्याने बायकोला सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी शेटांना बोलावून घेतले. आता गुरू स्वतः चाक उघडणार आणि आपली चूक चारचौघांत बाहेर काढणार, अशी विश्रामची खात्री होती. मेस्त्रींनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. गॅरेजच्या शेजारून घाटाकडे जाणारा चढ सुरू होतो, तिथे गाडी नेऊन उभी करा, एवढेच त्यांनी शेटांना सांगितले. शेटांनी गाडी चढावर नेली आणि दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, हँडब्रेक जिथवर येईल तिथवर वर ओढला. मेस्त्री बघत राहिले.

मग त्यांनी गाडी सपाटीला आणवली आणि विश्रामला सांगितले, "केबल पहिल्या वेळी जशी बसवली होतीस, तशी कर. कमी नको, जास्त नको." विश्रामने तसे केले. गाडी पुन्हा चढावर गेली. या वेळी मेस्त्री स्वतः आत बसले. त्यांनी हँडब्रेक सावकाश ओढला. चार-पाच वेळा टकटक झाले, तिथे थांबवला. गाडी गिअरमधून काढली, इंजिन बंद केले, आणि खाली उतरून ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले. विश्रामला त्यांनी गॅरेजमधले स्टूल आणि आपला जेवणाचा डबा आणायला धाडले. स्टूल आल्यावर त्यांनी ते उताराच्या अंगाला, मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मांडले. त्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि शांतपणे भाकरी मोडली.

शेटांचा चेहरा पांढरा पडला. ते दार उघडून हँडब्रेक आणखी ओढायला धावले, तर मेस्त्रींनी घास तोंडात असतानाच हाताने नको अशी खूण केली. टपरीवरची माणसे ग्लास हातात घेऊन रस्त्याच्या कडेला आली. विश्राम मनात काम पुन्हा आठवू लागला. डाव्या चाकाची स्प्रिंग आकड्यात नीट अडकली होती ना? पिनेची टोके वाकवली होती ना? हजार वेळा केलेले काम त्याला आठवेना. त्याने रस्त्याकडेचा मोठा दगड उचलला आणि चाकाला लावायला वाकला.

मेस्त्री म्हणाले, "दगड खाली ठेव. मी जेवतोय."

त्यांनी दुसरी भाकरी घेतली. लोणच्याची फोड चोखून बाजूला ठेवली, पाणी प्यायले. गाडी तसूभर हलली नाही. डब्याचे झाकण लावल्यावर मग त्यांनी मान वर केली आणि शेटांकडे पाहिले.

"शेट, तुमच्या गाडीला रोग नाही. गेल्या वर्षी तुम्ही ब्रेक ओढायला विसरलात आणि गाडी गोदामाच्या उतारावरून मागे गेली. तुमच्या आई अंगणात आमसुले वाळत घालत होत्या. अंगणाच्या दगडी गडग्याला आपटून गाडी थांबली, म्हणून त्या वाचल्या. खरं ना?"

शेटांनी मान हलवली. एवढ्या वर्षांत कोणी त्यांचे डोळे भरलेले पाहिले नव्हते; ते तेव्हा पाहिले.

"तेव्हापासून तुम्ही तो जीव खाऊन ओढता. गाडी धुता, ओलीच उभी करता, दोन-दोन दिवस हलवत नाही. आत पट्टी ओल्या लोखंडावर दाबलेली राहते आणि गंजून चिकटते. सपाट अंगणात गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, ब्रेक ओढूच नका. उतारावर गिअर टाका, दगड लावा आणि ब्रेक आजच्याइतका ओढा. धुतल्यावर एक फेरी मारून आणा, म्हणजे चाकं सुकतील."

मग ते विश्रामकडे वळले. त्याने आधीच मान खाली घातली होती.

"तुझं काम पहिल्या दिवशीच बरोबर होतं. शेट ढिला म्हणाले आणि तू नट पिळलास. शेट रागावतील, गाव बोलेल, या धास्तीनं पिळलास. पट्टी चाकाला घासत राहिली, चाक तापत राहिलं."

पण मेस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि पुढचे ते जरा हळू आवाजात बोलले.

"आणि मी तरी काय वेगळं केलं? तू घरी गेलास की रोज तुझ्या प्रत्येक नटावर पाना लावून बघत आलो. एकही ढिला सापडला नाही, तरी बघत आलो. टपरीवरून सगळ्यांना दिसत होतं. गुरूचाच विश्वास नाही, तर गाव कशाला ठेवेल? अरे, ब्रेकचं निम्मं काम धरायचं आणि निम्मं सोडायचं. आपण तिघंही नुसतं धरूनच बसलो."

शेटांनी डोळे पुसून विचारले, समजा गाडी सुटली असती तर? मेस्त्री पहिल्यांदा हसले.

"मी काय खुळा आहे? स्टूल यायच्या आधी मागून जोर लावून दोनदा हलवून पाहिली होती. आणि ब्रेक कोणी बसवलाय, ते मला ठाऊक होतं."

शेट गाडी घेऊन गेले. मेस्त्रींनी हात धुतले आणि ते दुपारच्या विश्रांतीसाठी घरी गेले.

गॅरेजमध्ये एक जीप उभी होती. तिचेही मागचे ब्रेक विश्रामने त्याच सकाळी केले होते, आणि भाजीवाल्याला ती संध्याकाळी घाटावर न्यायची होती. विश्रामने फेरी मारून आणली, चारही चाकांना हात लावून पाहिला. एकही तापले नव्हते. तरी भाजीवाला येऊन उभा राहिला, तेव्हा मेस्त्री अजून कसे आले नाहीत म्हणून विश्रामचा जीव वरखाली होऊ लागला. एरवी चहाच्या वेळेला ते परतत असत. जरा थांब, असे भाजीवाल्याला सांगून तो त्यांना बोलवायला निघाला.

मेस्त्री घराच्या ओटीवरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. विश्राम पायरीशी थांबला. त्यांना झोप लागली नव्हती. पायांवरचे धोतर त्यांनी उगाच दोनदा सारखे केले, बोटे मांडीवर सारखी चाळवत होती, आणि विश्रामची चाहूल लागल्यावर तर पापण्या अधिकच घट्ट मिटल्या. उठून गॅरेजकडे जाण्याची त्यांना किती ओढ लागली आहे आणि ते स्वतःला किती कष्टाने आवरून धरत आहेत, हे विश्रामला कळले. त्याला भरून आले. वाकून पाया पडावे असे वाटले; पण पाया पडलो तर त्यांना डोळे उघडावे लागतील, म्हणून तो तसाच, पावले न वाजवता मागे फिरला.

भाजीवाल्याला त्याने सांगितले, "गाडी झाली आहे. मी बघितली आहे. न्या."

भाजीवाल्याने किल्ली घेतली, एकवार त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि जीप घाटाला लावली.