गोमाईचं रान

कोंढारवाडीच्या मागे टेकड्या एकीला एक लागून पसरल्या आहेत. सगळ्या गवताच्या, मऊ उताराच्या. त्यांतल्या मधल्या टेकडीवर तेवढं रान आहे, आणि त्या रानात कुठल्या कुठल्या मुलखांतली झाडं एकाच पायवाटेला उभी आहेत. पायथ्याशी समुद्राकाठची उंडी. थोडं वर कडुनिंब, मग मोह, मग खिरणी. माथ्याच्या अलीकडे चक्क वाळूच्या मुलखातला रोहिडा. हे असं कसं, म्हणून विचारलं की वाट दाखवायला आलेल्या यशोदाक्का उंडीखालच्या दगडावर बसून घेतात.

आम्ही गेलो त्या दिवशी धुकं अजून उठलं नव्हतं. झाडांचे बुंधे दिसत होते, शेंडे दिसत नव्हते.

"घाई करू नका," अक्का म्हणाल्या. "आधी ऐकून घ्या, मग चढा."

फार मागे या टेकडीवर एकही झाड नव्हतं, असं सांगतात. कोकणात उतरणारी घाटवाट गावावरून जायची. दिवाळीच्या सुमाराला बंजाऱ्यांचा तांडा धान्य लादून खाली उतरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडी मीठ घेऊन वर यायचा. मग देशावरून, तापी-नर्मदा ओलांडून, तो थेट मारवाडापर्यंत जायचा. पुन्हा दिवाळीला इथे.

त्या तांड्यात हामू नावाचा तरणा नाईक होता. आईबाप गेलेले, पाठची एक बहीण, गोमली. ती वाटेतच जन्मली आणि वाटेतच वाढली. कोणी तिला गाव विचारलं तर ती म्हणे हसायची आणि हात लांबवून क्षितिजाकडे दाखवायची.

एका वर्षी तांड्यात देवीची साथ आली. गोमली वाचली, पण तिचे डोळे गेले.

तशीच ती भावाच्या धोतराचा सोगा धरून चालू लागली. घाट अरुंद, एका वेळी एकच बैल जाईल एवढा. हामू पावलोपावली मागे वळून बघायचा. एका वळणावर तो असाच वळला आणि पुढचा बैल घसरला. त्याला सावरताना हामूचाही पाय सुटला. लोकांनी हामूला कसंबसं ओढून वर घेतलं. तांडा मागे फिरून कोंढारवाडीत मुक्कामाला थांबला.

"भिया, मला इथंच सोड," गोमली म्हणाली. भिया म्हणजे भाऊ.

"आईनं मरताना तुझा हात माझ्या हातात दिलाय."

"तोच हात धरून दरीत जायचंय का? तुझ्यामागं माणसं आहेत, जनावरं आहेत. माझ्यासाठी मागं बघत राहिलास तर कोणाला कसं नेशील?"

ज्या अंगणाच्या कडेला त्यांची पालं होती, ते ठकूबाईचं. ठकूबाई एकटी विधवा, पोटी मूल नाही. ती चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे की माझ्यापाशी. दोन भाकरी थापते तिथं चार थापीन."

तांडा गेला. बैलांच्या घंटा उतारावर ऐकू येईनाशा झाल्या तरी गोमली अंगणात उभीच होती.

उन्हाळ्याला हामू परतला तेव्हा बहीण ओळखू येत नव्हती, इतकी वाळली होती. ठकूबाई म्हणाली, लेक खात नाही, बोलत नाही. हामूनं तिला जवळ घेतलं, विचारलं.

"मला मुलूख विसरायला लागलेत भिया," ती म्हणाली. "आधी सगळे डोळ्यांपुढं यायचे. आता नर्मदा आठवते, पण तिचा काठ आठवत नाही. रोज काहीतरी जातं. सगळं गेलं की माझ्यापाशी काय राहील?"

हामू तसाच गेला. पण पुढच्या दिवाळीला आला तेव्हा त्याच्या खांद्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं एक रोप होतं. त्यानं ते बहिणीच्या हातात दिलं. तिनं पानं चाचपली, एक पान चुरगळून नाकाशी धरलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"मोह! नर्मदेपल्याडचा. पहाटे आपण फुलं वेचायला जायचो. टप् टप् पडायची."

"तिथलाच. त्याच बनातला."

"मग हा इथं अंगणात नको," गोमली म्हणाली. "टेकडीवर लाव, मध्यावर. पायथ्याशी आपला समुद्र, आणि वर माथ्याकडं मारवाड. जे आणशील ते त्याच्या त्याच्या जागी लाव. म्हणजे मला तुमच्या मागून चालता येईल."

तेव्हापासून हामू दर खेपेला एक रोप आणू लागला. कोकणातून उंडी आली. खानदेशातून कडुनिंब आला, शिरीष आला. माळव्यातून खिरणी, वाळवंटाच्या कडेवरून रोहिडा. ठकूबाईनं एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत अंबाडीचा दोर बांधून दिला. तो धरून गोमली पाणी घेऊन चढायची. शेळ्या आल्या तर टाळ्या वाजवून हाकलायची. झाडं वाढली तशी तिला दोर लागेनासा झाला. उंडीची जाड पानं वाऱ्यात एकमेकांवर आपटतात, कडुनिंब सळसळतो, वाळलेल्या शेंगांचा शिरीष खुळखुळतो. त्या आवाजांवरून ती चालायची. सांजेला खाली आली की ठकूबाई विचारायची, "आज कुठवर गेलीस गं?"

"आज तापी ओलांडली मावशी. पाणी गुडघ्याएवढंच होतं."

कधी म्हणायची, माळव्यात रात्र पडली, तिथंच टेकले. ठकूबाई ऐकत राहायची. तिनं उभ्या जन्मात शेजारचं गावही पाहिलं नव्हतं. पण पुढं पुढं तीही म्हणे झोपेत नद्या ओलांडायची.

मग एक साल असं आलं की पाऊस नावापुरता झाला. उन्हाळ्यात गावच्या झऱ्याला करंगळीएवढी धार उरली. पाटील होते येसाजी. माणूस कडक, पण वाईट नव्हे. त्यांनी ठकूबाईच्या दारात येऊन सांगितलं, "पोरी, आजपासून झाडांना पाणी न्यायचं नाही. आधी माणसं."

"बरोबर आहे पाटील," गोमली म्हणाली. "पण माझ्या वाट्याचं मी कुणाला दिलं तर?"

"तुझं तू बघ."

ती आपल्या वाट्याच्या पाण्यातलं अर्धं प्यायची आणि अर्धं टेकडीवर न्यायची. आज या झाडाला, उद्या त्या झाडाला. ओठ फुटले, चालताना झोक जायचा. ठकूबाई रडायची, भांडायची आणि शेवटी आपल्या तांब्यातलं ओतून द्यायची. झाडांची पानं झडली, पण बुंधे जिवंत राहिले. शेवटी आभाळ आलं, पाऊस झाला, टेकडी हिरवी झाली.

दिवाळी आली. तांडा आला नाही. गोमली रोज उंडीखाली येऊन बसायची, घंटांची चाहूल घेत.

तांडा आला तो भाऊबीजेच्या दिवशी. घंटा ऐकून ती उठली, पुढे झाली. पण पुढे येणाऱ्या पावलांत हामूचं पाऊल नव्हतं. ते तिला कोणी सांगायच्या आधीच कळलं.

दूरच्या एका नदीला अचानक लोंढा आला होता. हामूनं बैल पलीकडे घातले, पोरंबाळं घातली. तो स्वतः शेवटी राहिला. डोक्यावर फडक्यात बांधलेलं रोप होतं. पाणी छातीशी आलं तेव्हा त्यानं ते काठावरच्या माणसांकडे फेकलं. त्यानंतर तो दिसला नाही.

तांड्यानं ते रोप वाटभर ओलं ठेवून आणलं होतं. गोमलीनं पान चाचपलं, चुरगळलं, वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे कुठलं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. हामूनं ते एकट्यानं कुठूनसं आणलं होतं.

गोमलीनं रोप छातीशी धरलं. मग म्हणाली, "मी न पाहिलेल्या मुलखातलं आहे. तो माझ्या पुढं गेला."

ती रोप घेऊन टेकडी चढू लागली. ठकूबाई मागोमाग निघाली. मागे वळून बघते तर अख्खं गाव वाटेला लागलेलं. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या, आणि सगळ्यांच्या पुढे येसाजी पाटील. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. रोहिड्याच्याही पुढे, अगदी माथ्यावर, गोमलीनं ते रोप लावलं. पहिलं पाणी पाटलांनी घातलं.

पुढं ती पुष्कळ वर्षं जगली. ठकूबाई गेली, येसाजी गेले. गोमलीला सगळे गोमाई म्हणू लागले. अशाच एका धुक्याच्या सकाळी ती टेकडी चढली आणि परत आली नाही. लोकांनी रान धुंडाळलं. ती कुठेच नव्हती. दवानं भिजलेल्या गवतात पावलं मात्र उमटली होती, असं सांगतात. ती माथ्यावरच्या झाडापाशी थांबली नव्हती. झाडाच्या पलीकडे, जिथं टेकडी संपते आणि नुसतं धुकं असतं, तिकडे गेली होती.

अक्का थांबल्या. वर कुठंतरी एक पक्षी बोलला. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि आम्ही त्यांच्या मागून चढू लागलो.

आजही कोंढारवाडीचं माणूस परमुलखात गेलं की येताना एखादं बी घेऊन येतं. कोणी पलटणीतून देवदाराचं आणलं, ते रुजलं नाही. कोणी सुनेच्या माहेराहून आणलेलं फोफावलं. माथ्यावरच्या झाडाचं नाव आजही कोणाला सांगता येत नाही.

आणि आजही भाऊबीजेला इथं ओवाळणं मागाहून होतं. आधी भाऊ पायथ्याशी येऊन डोळे मिटतो आणि बहीण त्याचा हात धरून त्याला माथ्यापर्यंत नेते. वाटेत ती बोलत नाही. झाडं ओळखायची ती त्यानं. पार पिकलेली भावंडंही येतात, एकमेकांना सावरत, जागोजागी दम खात. जिचा भाऊ उरला नाही ती एकटीच येते. ती स्वतःच डोळे मिटून चढते, आणि वाटेवरचे सगळे बाजूला होऊन तिला वाट देतात.