न कण्हणारा पैलवान

“...पण आणखी किती वर्षं, वस्ताद?”

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती फावड्यानं वरखाली करत राहिले. वय ऐंशीच्या पुढं, पण हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

विचारणारा जोतिराम खराडे होता. एके काळी याच तालमीचा नावाजलेला पैलवान. आता पन्नाशीचा. अकरा वर्षांपूर्वी संधिवातानं धरलं, ते सोडलंच नाही. बोटं वाकडी झाली होती, गुडघे सुजले होते. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, असं डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं.

त्याची बायको सगुणा दाराबाहेर बसली होती. पायऱ्या चढताना तिनं आधाराला हात दिला, तो त्यानं झटकला होता.

“अकरा वर्षांत एकदाबी कण्हलो न्हाई,” जोतिराम म्हणाला. “तुमचीच शिकवण.”

फावडं थांबलं.

“माझी?”

“व्हय. खांदा निखळला तवा मी सतरा वर्षांचा हुतो. रडलो. तुम्ही म्हणालात, परत आवाज आला तर तालमीत पाय ठेवू नकोस.”

वस्तादांनी फावडं मातीत रोवलं.

“मग आता काय पायजे?”

“बळ. आधी हुतं तेवढं पुरायचं. आता... उजाडलं की भ्या वाटतं, वस्ताद. उठायचंच भ्या वाटतं.”

वस्ताद त्याच्यासमोर बसले. त्याचा उजवा हात हातात घेतला आणि सुजलेल्या सांध्यावर अंगठा दाबला.

जोतिरामच्या कपाळावर घाम आला. ओठ मिटलेलेच.

“दुखलं?”

“न्हाई.”

वस्तादांनी आणखी दाबलं.

“दुखलं?”

“न्हाई.”

“दुखतंय त्यास्नी!”

सगुणा आत धावत आली. त्या तालमीत आजवर कुठल्या बाईनं पाऊल टाकलं नव्हतं.

“सोडा, पाया पडते तुमच्या. रोज पहाटं हे अंगावरची वाकळ तोंडात धरून पडत्यात. मी आपली डोळं मिटून घेते...”

जोतिराम तिच्याकडं बघतच राहिला.

“तू... जागी असतीस?”

तिनं मान खाली घातली.

“कवापासनं?”

“पयल्यापासनं.”



वस्तादांनी अंगठा काढला. पण हात सोडला नाही. तो वाकडातिकडा हात त्यांनी आपल्या कपाळाला लावला.

“सतरा वर्षांच्या पोराला जे बोललो,” ते म्हणाले, “ते मी परत घेतो, जोतिराम.”

जोतिरामचे मिटलेले ओठ उघडले. आधी नुसताच श्वास आला. मग छातीच्या तळातून एक आवाज आला. तो त्याचा आहे हे त्यालाही ओळखू आलं नाही.

“दुखतंय, सगुणा... लई दुखतंय गं.”

तिनं त्याचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले आणि नुसती बसून राहिली. तो रडत होता. बराच वेळ रडला.

शेवटी त्यानं तोंड पुसलं.

“वस्ताद, आता तरी जाईल का हे दुखणं?”

“न्हाई.”

“मग?”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. फावडं हातात घेतलं.

“दुखलं की कण्ह; मग गप असशील तवा खरंच दुखत न्हाई, हे हिला कळंल. आज हिला झोपू दे.”