खुटाळीचा धोंडा आणि सोडलेला पाय

माळजाईच्या देवळामागे हा जो कातळ आहे, त्यात आठ खळगे आहेत. मोजा हवं तर. दोन-दोनच्या चार जोड्या आणि प्रत्येक खळग्यात एक दगड. सात दगड मुठीएवढे. आठवा बघा, बसलेल्या म्हशीएवढा. तो खळग्यात नाहीच, खळग्यावर बसलाय. फोटो काढणारे सगळे त्याच्यापुढे उभे राहतात आणि मग विचारतात, काका, हाच एवढा मोठा का? तर तो आमचा. खुटाळीचा. आठ गावांत आमची जी काही शोभा झाली, ती या धोंड्यानं केली.

मी रावजी पिसाळ. खुटाळीचाच. चैत्राच्या उन्हात मी अनवाणी का फिरतोय, असं मघाशी या ताईंनी विचारलं. तेही याच गोष्टीत आहे. जरा सावलीला या. आज जत्रा आहे, खालच्या माळावर हुतूतूचे सामने लागतील, पण त्याला अजून अवकाश आहे.

या देवीची गावं आठ. सात या डोंगराच्या पायथ्याशी, एकमेकांना खेटून. आठवं धामणदरा, ते बारा कोस पलीकडे रानात. पूर्वी म्हणे जत्रेतल्या हुतूतूला काही रीतच नव्हती. ज्याला जो मऊ लागेल त्याच्याशी तो खेळायचा. दांडगी गावं दुबळ्यांना हुडकत फिरायची आणि दुबळी गावं देवळामागे दडून बसायची. शेजारची गावं तर बांधावरून, पाण्यावरून वर्षभर धुमसत असायची. ती समोरासमोर आली की खेळ राहायचा बाजूला आणि डोकी फुटायची. एका वर्षी मारामारीला काठी मिळेना म्हणून पालखीचा दांडाच काढून घेतला. त्यानंतर तीन वर्षं जत्रा भरली नाही, असं सांगतात.

तेव्हा देवीचा गुरव होता नागू. त्यानं ही रीत बसवली. दर जत्रेत प्रत्येक गावानं तीन सामने खेळायचे. एक बांधील जोड, ती कायमची, दरसाल तीच. दोन फिरत्या जोडी, त्या दरसाल बदलायच्या. बांधील गाव सोडलं तर उरतात सहा. सालाला दोन धरली की तीन सालांत सगळ्यांशी एकेकदा गाठ पडते आणि चौथ्या साली पुन्हा पहिल्यापासून सुरू. कुणी कुणाला टाळायचं नाही, कुणी कुणाला निवडायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण घरात चार माणसांची पंगत बसवताना दोन रुसतात, इथं तर आठ गावं होती.

बांधील जोड होता होईल तो शेजाऱ्याशीच असावी, असं नागूचं म्हणणं. ज्याच्याशी पाण्याचं भांडण, त्याच्याशीच सालातून एकदा माळावर भिडा. जिंकेल त्या गावानं त्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आधी घ्यावं, हरेल त्यानं मागून. मग वर्षभर तोंड मिटून राहावं. आमचा ओढा मेटवाडीशी सामाईक. ते वरच्या अंगाला, आम्ही खालच्या. तेव्हा आमची जोड मेटवाडीशीच, हे शेंबडं पोरही सांगेल. सातांतलं एक गाव शेजाऱ्यावाचून उरणार आणि त्याच्या गळ्यात लांबचं धामणदरा पडणार, हेही सगळ्यांना कळत होतं. ते गाव आपलं नसावं, एवढंच प्रत्येकाला बघायचं होतं.

नागूनं कातळात खळगे खोदले आणि सांगून ठेवलं. पाडव्याला सूर्य डोक्यावर यायच्या आत ज्यानं त्यानं आपल्या शिवेवरचा दगड आणायचा आणि शेजाऱ्याच्या दगडाजवळ ठेवायचा. एकदा ठेवलेला दगड हलणार नाही. हलवायचा तर एकाच कारणानं. जत्रेच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत जोडीचं गाव खेळायला उभंच राहिलं नाही, तर.

सहा गावं धोतराच्या सोग्यात दगड बांधून सकाळी वर आली. धामणदऱ्याचा माणूस तर आदल्या दिवशीच येऊन बसला होता. आमचे पाटील होते सुभानजी. त्यांच्या मनानं घेतलं की खुटाळीचा दगड कसा उठून दिसला पाहिजे. त्यांनी शिवेवरचा हा धोंडा उपटला, ओंडक्यांवर चढवला, आठ बैल जुंपले आणि ताशा लावून निघाले. अहो, खिशात मावेल असा दगड नेला असता तर कोण हसणार होतं?

निम्म्या चढावर बैल बसले. मग माणसांनी दोर खांद्यावर घेतले. ताशेवाला दमून माघारी गेला. वर मेटवाडीचे लोक वाट बघत उभे होते, हे मात्र खरं, त्यांना उगाच नाव ठेवणार नाही. पण सूर्य डोक्यावर आला, तसा त्यांनी आपल्या दुसऱ्या अंगाच्या गावाजवळ दगड ठेवला आणि मोकळे झाले. आमचा धोंडा वर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. खळगा एकच उरला होता, धामणदऱ्याशेजारचा. लोकांनी धोंडा तिथं लोटला. तो जो बसला तो बसला.

तेव्हापासून आमची फरफट चालू आहे. धामणदऱ्याचे लोक रानातले, लाकूड तोडणारे. त्यांच्याशी आमचा ना बांध सामाईक, ना पाणी, ना सोयरीक. भांडायचं म्हटलं तरी विषय नाही. जिंकलो तरी त्यांचा ओढा बारा कोसांवर, तो काय घागरीनं आणायचा? पण जिंकण्याचा प्रश्नच आला नाही, दरसाल हरायचो. आणि ज्या मेटवाडीचं नाव काढलं की आमच्या म्हाताऱ्यांच्याही मांड्या फुरफुरतात, ती तीन सालांतून एकदा फिरत्या जोडीत येणार. त्यात फिरत्या जोडीला पाण्याचा नियम नाही, म्हणजे जिंकूनही हात कोरडेच. ते साल आलं की काहीतरी आडवं यायचं. एकदा मेटवाडीला सुतक, एकदा वळवाच्या पावसानं माळाचा चिखल, एकदा आमच्याच तीन गड्यांना गालगुंड. पाणी मात्र मेटवाडी दर उन्हाळ्यात आधी घ्यायची. आमच्या मळ्यात यायचा तो नुसता ओला गाळ.

पाच-सहा पिढ्या अशा गेल्या आणि आमच्या घराण्यात भिवा पिसाळ झाला. हुतूतूत त्याची पकड अशी की त्यानं घोटा धरला की लोक त्या गड्याला बाद धरून चालायचे, असं सांगतात. भिवानं देवीपुढं नवस केला. धोंडा मेटवाडीच्या दगडाशेजारी नेईन, गावाला पाण्याची पाळी मिळवून देईन, तोवर पायात वहाण घालणार नाही. दरसाल तो दोर आणि पहारी घेऊन जत्रेला यायचा आणि धामणदऱ्याच्या वाटेकडे बघत बसायचा, की हे एकदा तरी चुकोत. ते बारा कोस चालत यायचे, हरवायचे, प्रसाद घ्यायचे आणि जायचे. अकरा वर्षं हेच चाललं.

बाराव्या वर्षी रानात तापाची साथ आली. जत्रेचा दिवस उजाडला, दुपार झाली, तरी धामणदऱ्याचं माणूस दिसेना. बाकी सगळे सामने उरकले. मेटवाडीचं बांधील गाव त्या साली गडी जमेना म्हणून उभं राहिलं नव्हतं, म्हणजे तिकडचा खळगाही मोकळा होणार होता. असा योग शंभर वर्षांत आला नव्हता. भिवानं धोंड्याला दोर बांधले. साठ माणसं दोराला लागली. बायका हळदीकुंकू घेऊन उभ्या राहिल्या. सूर्य कासराभर उरला होता.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. एकटाच. लुमा त्याचं नाव. चालणं असं की आता पडतो की मग पडतो.

गुरवानं विचारलं, "बाकीचं गडी कुठं हायती?"

"दोघं गेलं. चौघं तापानं पडल्याती."

"मग तू कशापायी आलास बाबा? परत जा. येवढं कोन मनावर घेतंय?"

"जोड हाय न्हवं आमची? रेघ आखा."

काय बोलणार? उभं राहिलं ते गावच झालं. गावात गडी सात की एक, हे नागूनं कुठं सांगितलं नव्हतं. रेघ आखली. या बाजूला आमचे सात, त्या बाजूला लुमा. त्याला धरला की सामना आमचा, आणि मावळतीला त्यांचा एकही गडी उभा नाही म्हणून धोंडाही हलणार, असं गुरवानं ठरवून दिलं. आणि तो जिंकूनच जाणार, असं तर भिवाला स्वप्नातही वाटत नव्हतं. पहिल्यांदाच धामणदरा हरणार म्हणून गाव पोरं खांद्यावर घेऊन उभं होतं.

लुमा हुतूतू हुतूतू करत आत शिरला. सातही जण एकदम त्याच्यावर पडले. त्यानं तसंच ओढत रेघेकडे सरकायला सुरुवात केली. एकेकाची पकड सुटत गेली. शेवटी भिवा उरला. त्यानं घोटा धरला आणि लुमा जमिनीवर आडवा झाला. रेघ हातभर लांब. आता दम तुटायचीच वाट. पण दम तुटेना. साठ माणसांनी श्वास धरून ऐकलं म्हणे, आणि त्यांचे श्वास तीन-तीनदा सुटले, तरी याचं हुतूतू चालूच. ओठ निळे पडले, डोळे वर गेले, आवाज नुसता कुजबुजीएवढा उरला, पण तो थांबेना. देवीच त्याच्या छातीत बसली होती, असं कुणी म्हणतात. भिवाच्या मुठीत त्याचा घोटा होता. वाटेवरच्या काट्यांनी सोललेला आणि तापानं तव्यासारखा भाजणारा.

आणि भिवानं पाय सोडला.

लुमानं हात लांब केला आणि रेघेला लावला. आमच्या सातही जणांचा हात त्याला लागलेला, म्हणून सातही बाद. एका माणसाकडून अख्खी खुटाळी हरली. दोर सोडले, धोंडा राहिला तिथंच, आणि लोक एकमेकांकडे न बघता डोंगर उतरले.

घरी भिवाची बायको साळू ओरडली, "समद्या गावाचं पानी त्या एका पायापायी सोडलंस?"

भिवा म्हणाला, "त्याचा दम तुटंस्तवर धरला असता तर जीव बी तुटला असता. माझ्या हाताला कळत हुतं."

"तुज्या हाताला कळलं, आन आमच्या घागरींचं काय?"

 तिचा हा प्रश्न आमच्या घरात अजून तसाच आहे.

आता तुम्हाला वाटेल, देवी प्रसन्न झाली आणि धोंड्याखालून झरा फुटला. नाही फुटला. बाकीच्या गोष्टींत फुटतो. आमच्या गोष्टीत मेटवाडीनं त्या उन्हाळ्यातही पाणी आधीच घेतलं. लुमा बरा झाला आणि पुढच्या साली सात गडी घेऊन आला, आणि आम्हाला धुऊन गेला. मात्र त्या सामन्यात आमचा पहिला गडी चढाईला गेला तेव्हा लुमानं त्याचा घोटा धरला, पाया पडल्यासारखा हात आपल्या कपाळाला नेला आणि पाय सोडून दिला. मग त्यांचा पहिला गडी आला, त्याला आम्ही तसंच केलं. तीच रीत पडली. बांधील जोडी चार आहेत, पण पहिल्या चढाईला पाय धरून सोडतात ते फक्त आमच्या जोडीत. भिवा मरेपर्यंत अनवाणी राहिला. त्याच्या घरातला माणूस आजही या डोंगरावर पायात काही घालून चढत नाही. त्यानं पाय सोडला आणि चटके आम्हाला.

मी तरुणपणी फार खटपट केली. आठ गावांच्या बैठका घेतल्या, अर्ज लिहिले, जोडी बदला म्हणून सांगितलं. सगळे माना डोलवतात आणि म्हणतात, रावजी, तुमचं खरं आहे, पण मग आमची जोड कुणाशी? तिथंच गाडं अडतं. बाकी तीन बांधील जोडींत आता निम्म्या वेळा सामना होतच नाही. फिरत्या जोडी तर फोनवरच रद्द होतात. गडी नाहीत, सुट्टी नाही, बोर मारल्यात तेव्हा पाण्याची पाळी कुणाला हवी? मेटवाडीनं परवाच कळवलं, यंदा जमणार नाही. यंदा त्यांचं साल होतं. तीन वर्षं थांबलो होतो मी.

ती बघा, खालच्या वाटेनं जीप येतेय. हिरवी ताडपत्री आहे ना, ती धामणदऱ्याची. आजही ते चुकत नाहीत. आणि आजही हा धोंडा इथून तसूभर हललेला नाही.

चला, मला उतरायला हवं. आमची पोरं सगळी चाकणला, यंदा सहाच गडी जमले. सातवा मी. हसू नका, अडुसष्ट पुरी झाली, गुडघ्याला सकाळीच तेल लावलंय. दम काही टिकत नाही आता, दहा पावलांत तुटतो. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, पहिली चढाई माझी. तेवढी ते सोडतात.