पिवळी मासोळी

“पण तुम्ही तिला एकदा तोंडावर सांगणार की नाही, बुवा?”

जयसिंग निकमाचा आवाज आतून पार ओसरीपर्यंत आला. ओसरीवर मी मेथी निवडत बसले होते. मी म्हणजे मठातली काशीमावशी. भैरूबुवांना दोन वेळची भाकरी करून घालते, आणि आल्यागेल्याचं बोलणं कानावर पडतं ते ऐकते. कान काही झाकून ठेवता येत नाहीत.

“काय सांगायचं?” बुवांनी विचारलं.

“हेच, की जुई गेली. वर्ष होऊन गेलं. आमची पोरगी आता परत यायची नाही.”

“माझं ती ऐकत नाही,” जयसिंगच पुढे म्हणाला. “तिच्या भावाचं ऐकत नाही. डॉक्टरांनी सांगून बघितलं. तुमचा शब्द मात्र शालन खाली पडू देत नाही. तुम्ही म्हणालात तर मानेल.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“तर उद्या तिला माहेरी पोचवतो. कायमची. मला हे आता बघवत नाही, बुवा. घरात भीती वाटते मला.”

एवढा मोठा बाप्या, आणि भीती वाटते म्हणाला. मी मेथीची जुडी खाली ठेवली.

त्याची बायको शालन तेव्हा अंगणात होती. उन्हं कलली होती. चाफ्यापासून विहिरीपर्यंत ती फेऱ्या घालत होती. दोन पावलं चालायची, थांबायची, मागे वळून खाली बघायची. गुडघ्याच्या उंचीवर. मग निऱ्यांजवळ दोन बोटं हलकेच हलवायची, आणि पुन्हा चालायला लागायची.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, मठातलं मांजर लागलंय तिच्या मागे. म्हणून वाकून बघितलं.

मागे काही नव्हतं.

भाजीच्या हातांनीच मी उठले आणि आत जाऊन दाराशी उभी राहिले. बाहेर एकटीला बसवेना.

बुवा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “जयसिंग, तुझी मासोळी कशी आहे?”

“बुवा, मी शालनचं बोलतोय.”

“ऐकलं मी. मासोळी कशी आहे?”

मठाच्या आतल्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीशी जयसिंगानं माशांची एक काचेची पेटी मांडून दिलीय. त्याची सेवा म्हणे. तसल्या पेट्या करण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नाही, असं लोक म्हणतात. तोही म्हणतो. ओढ्याचा एक तुकडा उचलून आणून ठेवावा तशी ती पेटी आहे. तळाला वाळू, एक वेडंवाकडं मूळ, दगडांवर शेवाळ, आणि देशी बदामाची वाळकी पानं. त्या पानांनी पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. घाण झालं म्हणून मी एकदा ते बदलायला निघाले, तर केवढा खेकसला माझ्यावर! म्हणाला, “मावशी, हे मासे परदेशातल्या काळ्या पाण्यातले आहेत. त्यांना अंधार लागतो. तुमचं चकचकीत पाणी तुमच्या हंड्यात ठेवा.”

मासे ते बोटाएवढे. दुकानात त्यांना ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. एक नर आणला होता, एक मादी. नर मागेच मेला. मादी राहिली.

“मासोळी बरी असेल,” जयसिंग म्हणाला. “मागच्या खेपेला तिनं अंडी दिली होती. करवंटीत.”

पेटीत नारळाची करवंटी पालथी घातलेली असते. तिच्या आत, छताला, मादी अंडी चिकटवते आणि खाली राखण करत बसते.

“मग?”

“मी ती करवंटी काढून घरी नेली. वेगळ्या भांड्यात, हवेच्या नळीखाली अंडी ठेवली. आईचा भरवसा नसतो, बुवा. बिचकली की खाऊन टाकते. आम्ही सगळे तसंच करतो.”

“जगली?”

“... नाही. बुरशी आली.”

“तिला काय सांगितलंस?”

“कुणाला?”

“मासोळीला.”

जयसिंग हसला. हसण्यात जरा तुच्छता होती, मला ती आवडली नाही. “माशाला काय सांगायचं, बुवा! रिकामी करवंटी परत ठेवली. तिचं ती विसरली असेल.”

“बघ तरी,” बुवा म्हणाले.

जयसिंग पेटीपाशी गेला, वाकला आणि तसाच राहिला.

“हे कसं काय...”

“काय झालं?”

“अजून पिवळी आहे ही.”

पिल्लांवर असली की ती मादी हळदीसारखी पिवळीधमक होते, डोळ्याशी काळा पट्टा येतो. एरवी फिकट, मातकट. पिल्लं नसली की आठवडाभरात रंग उतरतो, असं त्यानंच मला शिकवलं होतं.

“पिल्लं आहेत!” जयसिंग ओरडलाच. “बुवा, पिल्लं आहेत हिच्याजवळ! ढीगभर! मावशी, या, बघा बघा!”

मी गेले. खरंच, त्या तपकिरी पाण्यात मासोळी हळूहळू पुढे चालली होती, आणि तिच्या मागून बारीक ठिपक्यांचा थवा. ती थोडी जाई, थांबे, वळून बघे. मग पोटाखालचे पंख एकदा झटकन हलवी, आणि पुन्हा चालू लागे.

मी जयसिंगाकडे बघितलं. त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं. बिचारा, वर्षभरात त्याला पहिल्यांदा असं बघत होते मी.

त्यानं मोबाईलची बत्ती लावली आणि काचेला नाक लावलं.

“पिल्लं नाहीत,” तो म्हणाला. आवाज पार बसला होता. “पाणकिडे आहेत हे. डाफ्निया. हिला खायला म्हणून मीच मावशींकडे बाटली देऊन गेलो होतो.”

दिली होती खरी. तळ्यातलं पाणी गाळून आणलेले ते उड्या मारणारे किडे मी रोज चमचाभर टाकत होते. मेले संपत कसे नाहीत, म्हणून बडबडतही होते.

“खात नाही ती त्यांना,” मी म्हटलं.

“कशी खाईल? पोरं समजून बसलीय!” जयसिंग चिडला. “असं करतात म्हणे. ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. अंडी गेलेली मादी पाण्यात हलेल त्याच्यावर माया करते. पोट बघा तिचं. खपाटीला गेलंय. वेडी! स्वतःच्या जेवणावर पहारा देतेय. मरेल अशानं.”

“मग तिला सांग,” बुवा म्हणाले.

“काय?”

“की ही तुझी पोरं नव्हेत.”

“बुवा, थट्टा करू नका.”

“थट्टा कसली? तू माझ्याकडे काय मागायला आलास? मी शालनला सांगतो. शब्द दिला. आधी तू हिला सांगून ये.”

जयसिंगाचा चेहरा लाल झाला. तो बुवांकडे बघत राहिला. मग खिडकीत ठेवलेली मासे धरायची बारीक जाळी उचलून म्हणाला, “माशांशी असंच बोलतात. काढून टाकतो सगळे किडे. दोन दिवसांत ताळ्यावर येईल.”

जाळी पाण्यात गेली. त्याचा हात मोठा सराईत. एका वळणात अर्धा थवा जाळीत आला.

आणि मासोळीही जाळीत आली.

त्यानं धरली नव्हती. ती आपणहून आत शिरली. किड्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि जयसिंगाकडे तोंड करून बघू लागली.

त्यानं जाळी तिरकी केली, ती बाहेर जावी म्हणून. गेली नाही. जाळी हलवली. गेली नाही. हळूच वर उचलली. पाणी तिच्या पाठीखाली आलं, कल्ले उघडे पडले, तडफड सुरू झाली. तरी ती उडी मारून बाहेर पडेना. उलट त्या किड्यांवर आडवी झाली.

“जाऊ दे ना रे तिला!” मी ओरडले. मला राहवलंच नाही.

जयसिंगानं जाळी पाण्यात पालथी केली. किडे सुटले आणि चौफेर पसरले. मासोळी मधोमध उभी राहिली. तिनं पोटाखालचे पंख झटकले. एकदाच.

सगळे किडे खाली बसले.

खाली म्हणजे तळाला, बदामाच्या काळ्या पानावर, एकमेकांना लागून. एकही उडेना.

जयसिंगाच्या हातातली जाळी गळून पडली.

“हे होत नाही,” तो म्हणाला. “बुवा, हे किडे उजेडाकडे धावतात. कुणाचं ऐकत नाहीत ते. त्यांना ऐकायला काही नसतंच. खिडकी इकडे आहे, आणि ते तिकडे... अंधारात... तिनं बोलावलं म्हणून...”

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू?

“जयसिंग,” बुवा म्हणाले. “जुईला शेवटी शालननं बघितलं होतं?”

जयसिंग वाकून पडलेली जाळी उचलू लागला.

“विचारतोय मी.”

“नाही.” तो खाली बसला, भिंतीला धरून. “ताप उतरेना म्हणून मी पोरीला पुण्याला नेलं. शालनला म्हटलं, तू घाबरट आहेस, तिथं रडारड करशील, घरीच थांब. जाताना जुईनं हात हलवला होता तिला. मग... तिकडेच सगळं आटोपलं मी. तिला सोसवणार नाही म्हणून. परत आलो ते एकटाच आलो.”

तो रडायला लागला. मलाही रडू आवरेना. बुवा मात्र खिडकीकडे बघत होते.

“सांगितलं का तिला?” बुवांनी विचारलं.

“मासोळीला?”

“हो.”

जयसिंगानं मान हलवली. नाही.

“मग मीही शब्दातून मोकळा झालो,” बुवा म्हणाले.

तेवढ्यात शालन आत आली. तिला कुणी हाक मारली नव्हती. उंबऱ्याशी थांबली, वळून मागे बघितलं, बोटं हलवली. मग बुवांच्या पाया पडली. नवऱ्याचे लाल डोळे तिनं बघितले, पण विचारलं काही नाही. ती सरळ पेटीपाशी जाऊन बसली.

मासोळी काचेशी आली. इतकी जवळ की तिचं तोंड काचेला लागलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“किती गं तुझी?” शालननं विचारलं.

पानावरचा थवा हलला नाही.

“माझी एकच आहे,” शालन म्हणाली.

जयसिंगानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलणार हा. हीच ती वेळ, ह्यासाठीच तर तो आला होता. ओठ हललेही त्याचे. मग त्यानं तोंड मिटलं आणि गुडघ्यांत घातलं.

शालन माझ्याकडे वळली. “मावशी, हिला खायला घालत नाही होय कुणी? बाळंतीण आहे ती. पोरांच्या मागे लागली की बाईला जेवायची शुद्ध नसते. दुसऱ्यानं द्यावं लागतं.”

मी माशांच्या सुक्या खाऊची डबी पुढे केली. शालननं चिमूट घेतली, बोटांत चुरडली आणि पाण्यावर सोडली. “खा,” ती म्हणाली. “मी बघते तोवर त्यांच्याकडे.”

मासोळी जागची हलली नाही. एकदा पानाकडे बघितलं. एकदा शालनकडे. मग वर आली आणि खाऊ लागली. अधाशासारखं खाल्लं हो तिनं! शालन त्या पानावरची नजर काढेना. मासोळी खाऊन खाली उतरली तेव्हाच ती उठली.

“चला,” ती नवऱ्याला म्हणाली. “दिवेलागणीच्या आत घरी जाऊ. पेंगायला लागली.”

कोण पेंगायला लागली, ते जयसिंगानं विचारलं नाही. एरवी विचारलं असतं, आणि मोठ्यानं विचारलं असतं. आज तो मुकाट उठला, बुवांच्या पाया पडला. खाली वाकलेला असतानाच म्हणाला, “माहेरी नाही पोचवत तिला.”

बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“पण मी काय करू, बुवा? मला तर काही दिसत नाही.”

बुवा उठले आणि आमच्यामागून बाहेर निघाले.

आम्ही अंगणात आलो. गाडी चाफ्याखाली उभी होती. शालननं मागचं दार उघडलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. थोडी वाकली. तिचा एक तळहात हवेत, दाराच्या वरच्या कडेशी धरलेला, कुणाचं डोकं आपटू नये म्हणून धरतात तसा. मग ती स्वतः आत बसली. पलीकडे सरकली नाही. कडेलाच अंग चोरून बसली, पदर सावरला आणि पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून हसली.

मग खाली, आपल्या मांडीशी, दाराच्या बाजूला बघितलं, जणू कुणी मांडीवरून दाराकडे हात लांबवला होता.

जयसिंगानं दाराला हात घातला आणि सवयीनं जोरात ओढलं.

“जयसिंग!”

इतकी वर्षं मठात आहे, बुवांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दार अर्ध्यात थांबलं. बुवा पायरीवर उभे होते, अनवाणी, आणि त्यांची नजर दाराच्या फटीवर होती.

“हळू लाव. बोटं सापडतील.”