छपरातून उजेड आला तेव्हा

फार लांब, उत्तरेच्या टोकाला, बर्फाचं झाकण घातलेल्या एका समुद्रात खोलाई नावाची म्हातारी, तिची सून ठिपकी आणि ठिपकीच्या तीन लेकी राहत होत्या. माणसं नव्हेत हं. तांदळाच्या कणीएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे जीव, नि डोक्याला लांब तांबड्या मिशा.

त्यांची रीत अशी, की अंधार पडला की वर चढायचं आणि बर्फाच्या पोटाला धरलेलं हिरवं शेवाळ खायचं. उजाडायच्या आत खोल काळोखात उतरायचं, कारण उजेडात माशाला दिसतं. पण जाड बर्फाखाली दिवसाही अंधारच! मग हळूहळू सगळ्यांनी उतरणंच सोडलं. "आपल्यावर छप्पर आहे," म्हणायचे.

एका वर्षी बर्फ पातळ धरला. शेवाळ मात्र कधी नव्हे इतकं माजलं. भुकेल्या लेकी त्यावर तुटून पडल्या. एवढ्यात खोलाई ओरडली, "चला खाली!"

"अहो सासूबाई, पोरींनी आत्ता कुठं तोंड लावलंय!" ठिपकी म्हणाली.

बाजूला शेवाळ खाणारी शेजारीण हसली. "म्हातारीला छपराखाली ऊन लागतंय वाटतं!"

"ठिपके, माझे डोळे किती अधू, तुला ठाऊक आहे. तरी तुझी तांबडी मिशी मला इथून दिसतेय. मग माशाला दिसणार नाही?"

ठिपकीनं वर पाहिलं. छप्पर उजळलं होतं. तिनं लेकींना ओढलं. धाकटी सुटेचना.

"आई, एकच घास!"

"अगं, तूच कुणाचा तरी घास होशील!" म्हणत ठिपकीनं तिला खाली लोटलं.

वाट लांब होती. अर्ध्यावर एक मोठी काळी सावली त्यांच्या अगदी जवळून वर गेली. पाचही जणी थिजल्या. वर शेजारणीचं हसू एकदम थांबलं.

त्या दिवसांत तिथं रात्रही उजेडाचीच, म्हणून खाली सगळ्या उपाशी बसून राहिल्या. धाकटी रडत होती, खोलाई थोपटत होती. मग कधीतरी वर हिम पडलं, छपरावर जाड थर बसला. तेव्हा थोडं वर चढून खोलाईनं विचारलं, "माझी मिशी दिसते का गं?"

"नाही दिसत, सासूबाई."

"मग चला जेवायला."

त्या हंगामात त्या रोज एकमेकींची मिशी पाहूनच चढल्या नि उतरल्या. थंडी आली तेव्हा तिन्ही लेकींच्या पोटात तेलाचा टपोरा थेंब साठला होता. त्यावर त्यांनी खोल पाण्यात झोपून सगळा हिवाळा काढला. आणि पुढच्या हंगामात ठिपकीचं घर नातवंडांनी भरून गेलं.

तात्पर्य: डोक्यावर छप्पर आहे म्हणून निर्धास्त राहू नये; ते अजून झाकतंय का, हे रोज पाहावं.