खरकटा करंट

"केबल गेली! पुन्हा गेली!"

मुसळगडचे खंबीरराव महाराज दरबारात शिरले तेच ओरडत. अंगात जरीचा अंगरखा, गुडघ्यापर्यंत चिखल आणि मागे एक म्हैस! महाराजांचा नवा कोरा विजेचा रथ भर बाजारात बंद पडला होता. ढकलत ढकलत चार्जरपाशी नेला, तर चार्जर जागेवर आणि त्याची जाडजूड केबल मुळापासून कापलेली. शेवटी महाराज म्हशीवर बसून निघाले, आणि म्हैस वाटेत दोनदा डबक्यात बसली.

महिन्याभरात राज्यातल्या बेचाळीस केबली गेल्या होत्या. आत तांबं असतं ना! रथ जागोजागी उभे होते आणि बायका त्यांच्यावर पापड वाळत घालू लागल्या होत्या.

"सरकार, यात विचार कसला करायचा?" रथखात्याचे कारभारी लोटणकर पुढे सरसावले. "चोरीला गेलं तांबं, म्हणजे चोर तांबट! हरबा तांबटाला मी सकाळीच कोठडीत टाकलाय. उद्या त्याला राज्याबाहेर हाकलू."

"शाबास, लोटणकर!"

"शाबास कसली, महाराज?" दारातून आवाज आला. हरबाची लेक येसू राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भांडी घासायची. हाताला राख तशीच घेऊन ती तरातरा आत आली. "उद्या तुमच्या मिशा चोरीला गेल्या, तर न्हाव्याला धरणार का?"

महाराजांनी आधी मिशा चाचपल्या. त्या आहेत याची खात्री झाल्यावर मगच ते चिडले.

"फार जीभ चालते तुझी! मग तूच आण चोर! उद्या दुपारची तोफ उडायच्या आत! पण कुणाच्या घराची झडती घ्यायची नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, कुणाला काही विचारायचंसुद्धा नाही. चोरानं भर दरबारात आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे. नाहीतर बापाबरोबर तूही राज्याबाहेर!"

महाराज एकदा बोलले की बोलले. मागे चिडून त्यांनी बुधवार रद्द केला होता, तेव्हा दोन महिने मुसळगडात मंगळवारनंतर थेट गुरुवार यायचा.

येसूनं राखेचे हात पदराला पुसले. बापाशिवाय तिला जगात कुणी नव्हतं. पण ती म्हणाली, "कबूल! मला फक्त एक दवंडी पिटू द्या."

संध्याकाळी गावभर ढोल वाजला.

"ऐका हो ऐका! रथ करंट खातो, आणि खाल्लं की खरकटं राहतंच! केबलीला खरकटा करंट चिकटलेला असतो होऽऽ! खरकटी केबल घरात ठेवली, तर घरच्या माणसांचे केस खराट्यासारखे उभे राहतील! कुणाकडे असेल तर आजच चिंचेच्या पाण्यात भिजत घाला होऽऽ!"

अख्खं गाव पोट धरून हसलं. "भांडी घासून घासून येसूला विजेतही खरकटं दिसायला लागलं!"

दुसऱ्या दिवशी दरबारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर अंगणात गोलंदाज पेटता काकडा घेऊन तोफेपाशी उभा होता. महाराज भलतेच खुशीत होते.

"काय येसूबाई? कुठाय चोर?"

"चोराचं राहू द्या, महाराज! माझ्या हातून मोठा घोटाळा झालाय!" येसूनं कपाळावर हात मारला. "चिंचेनं तांब्याचं भांडं लखलखतं, म्हणून मी चिंच सांगितली. पण करंटाला आंबट चालतच नाही! आंबट लागलं की तो फसफसतो, आणि मोठा आवाज झाला की फुटतो. ज्या घरात केबल भिजत असेल, ते घर आता तोफेबरोबर उडणार! बिचारी घरातली माणसं!"

"सरकाऽऽर! तोफ थांबवा!"

कारभारी लोटणकर ताडकन उठले. पगडी एकीकडे, उपरणं दुसरीकडे!

"घरात माझी बायको आहे! तिन्ही लेकी माहेरी आल्यात! न्हाणीघरात बेचाळीस केबली भिजतायत होऽऽ!"

दोन शिपाई "थांब, थांब!" ओरडत तोफेकडे धावले.

"बेचाळीस?" महाराज हळूच म्हणाले.

आपण काय बोलून बसलो, ते आत्ता कुठे लोटणकरांच्या ध्यानात आलं. "अधिक महिना आहे, सरकार," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "तीन तीन जावई! दोघांना तांब्याच्या तबकात अनारसे द्यायचे, आणि धाकट्याला तर घंगाळच हवंय!"

तेवढ्यात बाहेर धडाम्‌कन तोफ उडाली! गोलंदाज जरा कानानं कमी होता. लोटणकर सुळकन सिंहासनाखाली शिरले, तर तिथे महाराज आधीच बसलेले होते.

कुणाचंही घर उडालं नाही. महाराज अंगरखा झटकत बाहेर आले.

"पोरी, हा खरकटा करंट खरोखर असतो का गं?"

"मला काय ठाऊक, महाराज? मी भांडी घासणारी!"

"मग लोटणकर कसे फसले? ते तर रथखात्याचे कारभारी!"

"म्हणून तर फसले! परवा वाड्यातला चार्जर बंद पडला, तेव्हा त्यांनी त्याला ओव्याचा काढा पाजला होता. वाटी मीच घासली! त्यात माझ्या बापाला चौकशीशिवाय कोठडीत टाकायची घाईही त्यांनाच! बाकी गाव दवंडीला हसणार, पण खरी मानणारा माणूस एकच, हे मला तेव्हाच कळलं होतं."

महाराज एवढे हसले, एवढे हसले की मिशीचं एक टोक तोंडात गेलं. हसता हसताच त्यांनी हरबाला सोडायचा हुकूम दिला, आणि बाप दिसताच येसू सगळा दरबार विसरून त्याच्या गळ्यात पडली.

"आजपासून रथखात्याची कारभारीण तू!" महाराज गरजले.

"पण महाराज," येसू डोळे पुसत म्हणाली, "मलाही विजेतलं काहीच कळत नाही!"

"कळत नाही, हे तुला कळतं ना?" महाराज पुन्हा खदाखदा हसले. "आमच्या रथखात्यात एवढं कळणारी तू पहिलीच!"